हेलियमच्या आर्कमध्ये हायड्रोजनची लाल रेषा: पावसाळ्यातलं एक प्रकरण

गोव्यात, फोंडा तालुक्यात, फर्मागुढीच्या पठारालगतच्या एका प्रयोगशाळेत उच्च दाबाच्या हलक्या वायूंमधल्या आर्कचा, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या वायूतून वाहणाऱ्या विजेच्या झगझगीत झोताचा, अभ्यास चालतो. बेत साधा होता: आधी हेलियम, मग हायड्रोजन, आणि दोन्हींत दाब वाढवत नेऊन आर्कचा व्होल्टेज दर मिलिमीटरला किती पडतो ते मोजायचं. मे महिन्यातले हेलियमचे आकडे एकमेकांशी नीट जुळले. जुलैत त्याच सेटिंगवर व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने खाली आला, आणि वर्णपटात अशी रेषा उगवली जिचं तिथं काहीच काम नव्हतं. हे प्रकरण त्या रेषेचं आहे.

मांडणी

चेंबर ३१६एल स्टेनलेसचं. आतली मोकळी जागा ०.३ लिटर, म्हणजे साधारण ६० मिमी व्यासाचं आणि तळहाताएवढ्या लांबीचं नळकांडं. दोन्ही बाजूंनी ६ मिमी जाडीचे लँथनम-मिश्रित टंगस्टनचे इलेक्ट्रोड, मध्ये १२ मिमी अंतर. प्रकाश बाहेर येण्यासाठी १० मिमी जाडीची नीलमण्याची खिडकी. चेंबरच्या भिंतीला आर्क चिकटू नये म्हणून आत नायलॉनचं अस्तर: ५ मिमी जाड, १०० मिमी लांब, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काढून घेतलेलं. नायलॉन का, तर स्वस्त, चिवट आणि लेथवर लोण्यासारखं कापलं जातं. हा मुद्दा पुढे येईलच.

ऊर्जा ४०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटर बँकेतून, २.५ किलोव्होल्टवर. म्हणजे १२५० ज्यूल. मालिकेत १ मिलिहेन्रीचं इंडक्टर. त्यामुळे प्रवाह १ मिलिसेकंदात शिखर गाठतो, शिखर सुमारे १३५० अँपियर, आणि अर्धं आवर्तन २ मिलिसेकंदांचं. मोठं इंडक्टर मुद्दाम घेतलं आहे. व्होल्टेजच्या तारा आणि आर्क यांच्यामध्ये चेंबरचं स्वतःचं ०.३ मायक्रोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स राहतंच. प्रवाह झपाट्याने चढत असेल तर त्याचाही व्होल्टेज आर्कच्या नावावर जमा होतो. इथे सुरुवातीलाच प्रवाहाचा चढ सेकंदाला २५ लाख अँपियरपेक्षा जास्त नाही, म्हणून ही भेसळ एका व्होल्टपेक्षा कमी. तरीही वाचन शिखरावरच घ्यायचं, कारण तिथे चढ शून्य असतो.

आर्क पेटवायला दोन टोकांमध्ये ०.०५ मिमीची तांब्याची तार. तिचं वजन ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास. जाड तार सोपी पडते, पण तांब्याचं आयनीभवन (अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं) ७.७३ इलेक्ट्रॉनव्होल्टला होतं आणि हेलियमचं २४.५९ ला. जास्त तांबं म्हणजे हेलियमच्या नावाखाली तांब्याचाच आर्क मोजणं.

दाबाचा हिशोब आधी. सगळी १२५० ज्यूल ऊर्जा हेलियममध्ये गेली असं धरलं, तर दाबातली वाढ ही ऊर्जेच्या दोन तृतीयांशाला आकारमानाने भागून येते, म्हणजे २.८ मेगापास्कल. २ मेगापास्कलपासून सुरुवात केली तर ४.८ पर्यंत. प्रत्यक्षात आर्कला ऊर्जेचा लहान भागच मिळतो, पण चेंबर सगळ्या ऊर्जेसाठीच बांधायचं असतं. हे चेंबर १० मेगापास्कलचं आहे आणि १५ ला पाण्याने तपासलेलं. दाबाची तपासणी वायूने करू नये. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी नुसतं भिजवतं.

बँकेवर २२० किलोओहमचा निचरा-रेझिस्टर कायम जोडलेला. चार्ज असताना तो २८ वॅट खातो, म्हणून ५० वॅटचा घ्यावा. त्याचा कालस्थिरांक ८८ सेकंद. पाच पट, म्हणजे ४४० सेकंद थांबल्यावरही १७ व्होल्ट उरतात. शिवाय कपॅसिटरच्या पोटातला चार्ज थोडा परत वर येतो. त्यामुळे काठीने शॉर्ट करायचं आणि शॉर्ट तसाच ठेवून मगच हात घालायचा.

जुलैत काय दिसलं

मे महिन्यात २ मेगापास्कल हेलियममध्ये शिखरावर सरासरी १२० व्होल्ट आले होते, एकूण फरक ३ व्होल्टच्या आत. इलेक्ट्रोडच्या अगदी जवळ पडणारे २५ व्होल्ट वजा केले (ते अंतर बदलून काढले होते), की मिलिमीटरला ८ व्होल्ट. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच मांडणीत सरासरी ९५ व्होल्ट, आणि आकडे ८८ पासून १०४ पर्यंत विखुरलेले.

वर्णपटमापक साधाच, फायबरचा, दीड नॅनोमीटर विभेदनाचा. मे महिन्याच्या नोंदीत हेलियमच्या रेषा ठळक: ५८७.६, ६६७.८, ७०६.५ नॅनोमीटरवर. पहिली ती पिवळी, १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात दिसली आणि जिच्यावरून या वायूला नाव मिळालं तीच. जुलैच्या नोंदीत ६६७.८ च्या डावीकडे ६५६.३ वर एक रुंद, फुगलेली लाल रेषा, आणि तिच्यापुढे हेलियमची रेषा बुटकी. ६५६.३ म्हणजे हायड्रोजन-अल्फा. या चेंबरमध्ये तोपर्यंत हायड्रोजनचा एकही सिलेंडर जोडलेला नव्हता.

इथे एक सावधगिरी. रेषा उंच आहे म्हणून हायड्रोजन भरपूर आहे असं समजू नये. हेलियमची ६६७.८ ची रेषा निघायला अणू २३.०७ इलेक्ट्रॉनव्होल्टवर चढावा लागतो, हायड्रोजन-अल्फाला १२.०९ पुरतात. १५,००० केल्व्हिनला या फरकाची किंमत सुमारे ४,९०० पट हायड्रोजनच्या बाजूने पडते. चिमूटभर हायड्रोजनही ढोल वाजवत येतो.

पण चिमूटभरानेही आर्क बदलतो, आणि हीच हलक्या वायूची खोड. २ मेगापास्कल आणि १५,००० केल्व्हिनला शुद्ध हेलियममध्ये घनमीटरला ३ वर २२ शून्यं एवढे मुक्त इलेक्ट्रॉन असतात, असा साहाच्या समीकरणाने (तापमान आणि दाबावरून किती अणू आयनित होतील ते सांगणाऱ्या) हिशोब येतो. त्यात शेकडा १ हायड्रोजन अणू मिसळले की हा आकडा ७ वर २२ शून्यं होतो, दुपटीहून जास्त. ९९ भाग हेलियम जेवढे इलेक्ट्रॉन देत नाही तेवढे १ भाग पाहुणा देतो. आर्कचा गाभा याहून गरम असतो, तिथे हेलियम स्वतःही भरपूर आयनित होतं आणि फरक कमी होतो. कडेला मात्र, जिथे शुद्ध हेलियममध्ये वीज वाहायची थांबते, तिथे भेसळ ती चालू ठेवते. आर्क रुंद होतो, त्याच प्रवाहाला कमी व्होल्टेज पुरतो. उलट बाजूही आहे: हायड्रोजनचे रेणू ३,५०० केल्व्हिनच्या आसपास फुटताना भरपूर उष्णता खातात, आर्कला आवळतात आणि व्होल्टेज वाढवू पाहतात. म्हणून नुसता व्होल्टेज बघून कुठली भेसळ ते सांगता येत नाही, वर्णपट लागतोच.

संशयितांची रांग

पहिला संशय सगळ्यांचा मापनावरच जातो, आणि तो जायलाच हवा. व्होल्टेज विभाजक, म्हणजे मोठा व्होल्टेज ठरावीक प्रमाणात लहान करून मोजू देणारी रेझिस्टरची जोडी, १ मेगाओहम आणि १० किलोओहमचा. पावसाळ्यात पृष्ठभागावर ओल धरते, गळती होते. पण वरच्या रेझिस्टरवर गळती झाली तर वाचन वाढेल, घटणार नाही. खालच्यावर झाली तर घटेल. मात्र १२० चं ९५ दिसायला खालच्या १० किलोओहमला समांतर ३८ किलोओहमची वाट हवी. ओलीने एवढी वाट होत नाही. मोजली तर १०० मेगाओहमच्या वर भरली. विभाजक सुटला.

इलेक्ट्रोडमधलं अंतर: २५ व्होल्ट कमी व्हायला ते ३ मिमीने घटायला हवं होतं. गेजने मोजलं, १२.१ मिमी. दाब: व्होल्टेजचा उतार दाबाच्या वर्गमुळाच्या आसपास बदलतो असं धरलं, तर हा फरक यायला दाब जवळजवळ निम्मा व्हायला हवा. दुसऱ्या गेजशी ताडून पाहिलं, फरक ०.२ बारच्या आत. तांब्याच्या ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ च्या रेषा मे आणि जुलैत सारख्याच, म्हणजे तार किंवा धातू वाढलेला नाही.

सिलेंडर ९९.९९९ टक्क्यांचा. त्यातली सगळी भेसळ मिळून जास्तीत जास्त दहा लाखांत १० भाग. तरी नवा सिलेंडर लावून पाहिला. रेषा जशीच्या तशी.

मग व्हॅक्यूम. चेंबर भरण्याआधी रोटरी पंपाने उपसतात. काचेतून पंपाचं तेल पाहिलं तर दुधाळ झालेलं. हे कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हमखास दिसतं: बाष्प तेलात मुरतं, आणि गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून बाष्प बाहेर घालवणारी झडप) बंद ठेवून पंप चालवला की ते तिथेच राहतं. तेल बदललं, बॅलास्ट उघडा ठेवून अर्धा तास चालवलं. शेवटचा दाब ०.३ मिलिबारवरून ०.०५ वर आला. रेषा थोडी बसली, गेली नाही.

गळती आहे का हे पाहायची सोपी रीत म्हणजे चेंबर पंपापासून तोडून दाब चढताना नोंदवायचा. बाहेरून गळत असेल तर चढ सरळ रेषेत होतो. आतल्या पृष्ठभागातून काही सुटत असेल तर चढ हळूहळू मंदावतो. इथे १० मिनिटांत दाब ०.८ मिलिबारपर्यंत गेला आणि मग वळून सपाट होत गेला. शिवाय गळती असती तर हवेबरोबर नायट्रोजन आला असता आणि ३९१.४ ला त्याच्या आयनाचा पट्टा दिसला असता, तो नव्हता. ७७७ ला ऑक्सिजनची तिहेरी रेषा मात्र होती. या मापकावर तिन्ही मिळून एकच दिसते.

ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र, नायट्रोजन नाही: पाणी. प्रश्न उरला, कुठलं पाणी?

भिंतीवरचं पाणी पुरत नाही

ओल भिंतीला धरते हे खरं. जुलैत बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांच्या वर असतो. प्रयोगशाळेचा एसी २४ वर. म्हणजे खोलीत थंड झालेलं चेंबर दार-खिडकी उघडी असताना उघडलं की आतल्या स्टीलवर दव पडतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. रात्री वीज गेली की ओल शोषणारं यंत्रही बंद पडतं.

पण हिशोब करून पहावं. पाण्याचा एक रेणू जाडीचा थर चौरस मीटरला सुमारे १० वर १८ शून्यं एवढे रेणू धरतो. चेंबरचा आतला पृष्ठभाग ०.०३ चौरस मीटरच्या आत. असे दहा थर धरले तरी चेंबरमधल्या हेलियमच्या तुलनेत दहा लाखांत वीस-पंचवीस रेणू. एवढ्याने २५ व्होल्ट पडत नाहीत. दवाची दिसणारी फिल्म असती तर गोष्ट वेगळी, पण पंपाखाली ती तासाभरात उडून जाते.

म्हणजे पाण्याचा साठा असा हवा, जो पंपाला दाद देत नाही आणि आर्कचा चटका बसला की सुटतो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी सोडतं, पापड मऊ पडतात. प्लास्टिकमध्ये तोच गुण नायलॉनचा आहे. पूर्ण ओलं झालेलं नायलॉन-६ आपल्या वजनाच्या ९ ते १० टक्के पाणी धरतं. रेणूसाखळीतले अमाइड गट पाण्याला हायड्रोजन-बंधाने पकडून ठेवतात, त्यामुळे ते नुसतं पृष्ठभागावर नसतं, आत मुरलेलं असतं.

अस्तर काढून तराजूवर ठेवलं. आतली बाजू आर्कसमोर तपकिरी, नखाने खरवडली तर खरखरीत, बारीक फोड आल्यासारखी. मे महिन्यात बसवताना वहीत वजन लिहिलेलं होतं: ११६.४ ग्रॅम. आता ११७.९. प्रत्येक शॉटमध्ये, म्हणजे आर्क पेटवताना, थोडं नायलॉन जळून जातं, तेव्हा वजन घटायला हवं होतं. वाढलं दीड ग्रॅम.

चेंबरमधला सगळा हेलियम २ मेगापास्कलला ०.२४ मोल भरतो, वजनाने १ ग्रॅमहून कमी. अस्तरातलं पाणी त्या वायूपेक्षा जड होतं.

५ मिमी जाडीच्या नायलॉनमध्ये पाणी हळू शिरतं; सहा आठवड्यांत ते वरच्या दोनेक मिलिमीटरमध्येच जमतं. आणि आर्कचा चटका नेमका त्याच थराला बसतो. थरातलं पाणी एकदम वाफ होतं, फोड येतात, आणि वाफेबरोबर नायलॉनचे कणही उडतात. जुलैच्या नोंदीत ५१६.५ ला कार्बनच्या जोड-अणूंचा पट्टा मे महिन्यापेक्षा ठळक होता, तो याच कारणाने. नायलॉनचा आणखी एक माग म्हणजे सायनोजेनचा ३८८.३ चा पट्टा, पण तो हेलियमच्या ३८८.९ च्या रेषेत बुडतो. या मापकावर त्याच्या नादी लागू नये.

पडताळणी

संशय पक्का करायला तीन फेऱ्या घेतल्या.

पहिली: तेच अस्तर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर. साध्या हवेत तापवलं तर नायलॉन पिवळं पडतं, म्हणून व्हॅक्यूम. दर १२ तासांनी वजन, आणि सलग दोन वजनं ०.०५ ग्रॅमच्या आत जुळेपर्यंत थांबायचं. ६० तास लागले. गोळ्यांसाठी कारखान्यात सहा-आठ तास सांगतात, तो वेळ ५ मिमीच्या भिंतीला लागू नाही. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. सुकल्यावर चेंबर कोरड्या नायट्रोजनच्या झोतात जोडलं. व्होल्टेज ११६. हायड्रोजन-अल्फा चौथ्या हिश्श्यावर. उरलेला हायड्रोजन नायलॉनचा स्वतःचा. त्याच्या साखळीच्या प्रत्येक तुकड्यात ११ हायड्रोजन अणू आहेत, ते कुठल्याच ओव्हनमध्ये सुकत नाहीत.

दुसरी: नायलॉन काढून अॅल्युमिनाची सिरॅमिक नळी, ३ मिमी जाड. व्होल्टेज १२१, आणि ६५६.३ ची रेषा मागच्या अखंड प्रकाशात हरवलेली. म्हणजे मे महिन्याचे १२० व्होल्टही पूर्ण निर्मळ नव्हते, फक्त कोरडे होते.

तिसरी: अॅल्युमिना ठेवून मुद्दाम हायड्रोजन मिसळायचा. आधी १०० मिलिबार हायड्रोजन, मग २ मेगापास्कलपर्यंत हेलियम, मिसळायला २० मिनिटं. हे १०० मिलिबार पिरानी गेजवर मोजायचे नाहीत. तो वायूच्या उष्णतावहनावर चालतो आणि हायड्रोजनला भलतंच वाचतो. कपॅसिटन्स गेज हवा. या मिश्रणात हायड्रोजनच्या रेषेची उंची जुलैच्या नोंदीजवळ आली, पण व्होल्टेज ११२ वरच थांबला, ९५ ला उतरला नाही. म्हणजे एकट्या हायड्रोजनने जुलैची घसरण होत नव्हती. उरलेलं काम नायलॉनमधून उडालेल्या कार्बनचं. त्याचं आयनीभवन ११.२६ इलेक्ट्रॉनव्होल्टला, हायड्रोजनहूनही सोपं. पाण्याने दार उघडलं आणि नायलॉन आत आलं. जुलैच्या आकड्यांचा विखुरलेपणाही यातून कळतो: फोड कुठे आणि किती फुटतील याला नेम नसतो.

काय बदललं

टेफ्लॉनचा विचार झाला. त्यात हायड्रोजन नाही, पाणी जवळपास धरत नाही. पण दाबाखाली ते हळूहळू सरकतं, आणि आर्कमध्ये सुटलेला फ्लोरिन ओलीबरोबर हायड्रोफ्लोरिक आम्ल करतो. खिडकीच्या सीलसाठी आणि चेंबर उघडणाऱ्याच्या बोटांसाठी ते नको. गरम दाबून केलेलं बोरॉन नायट्राइड लेथवर छान निघतं, मात्र बोरिक ऑक्साइडच्या बंधकाचं असेल तर तेही ओल पितं, आणि दुकानदार बंधक कोणता ते आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. शेवटी आर्कसमोर अॅल्युमिना, तिच्यामागे पीक (PEEK) या प्लास्टिकची बाही, मध्ये ०.२ मिमी फट. अॅल्युमिना गरम-थंडाच्या धक्क्याने तडकते, म्हणून दोन शॉटमध्ये १५ मिनिटं आणि दर २० शॉटना टॉर्चने पाहणी.

चेंबर उघडायचं ते एसी बंद करून, धातू खोलीच्या तापमानाला आल्यावर, आणि आत कोरडा नायट्रोजन सोडून. मे महिना संपताना गोव्यात घरोघरी पुरुमेंत भरतं: सुकी मासळी, मिरची, मीठ हवाबंद होतं. प्रयोगशाळेतलं उरलेलं नायलॉनही आता त्याच सुमारास सिलिका जेलसह हवाबंद डब्यात जातं.

हेलियमची फेरी आधी होती म्हणून हे सापडलं. हायड्रोजन आधी भरला असता तर ६५६.३ ची रेषा तिथे असायलाच हवी होती, आणि ओल्या अस्तराचा व्होल्टेज हायड्रोजनचा म्हणून वहीत गेला असता. म्हणून हायड्रोजनच्या फेरीत लक्ष ७७७ वर ठेवायचं. ऑक्सिजनची रेषा मागच्या प्रकाशाच्या वर डोकं काढते का, हे प्रत्येक शॉटला पाहायचं; काढली तर तो आकडा बाजूला ठेवून चेंबर पंपापासून तोडून दाबाचा चढ पुन्हा नोंदवायचा. पाण्यातला ऑक्सिजन लपत नाही, पण कार्बन-हायड्रोजनचंच बनलेलं पंपाचं तेल इथे मुळीच दिसणार नाही. त्यासाठी ५१६.५ चा पट्टा वेगळा पाहायचा, तांब्याची ५१५.३ ची रेषा शेजारीच आहे हे ध्यानात ठेवून.